तात्यांचा दात आणि माझा कीबोर्ड

तात्यांचा पुढचा दात लग्नाच्या तीन दिवस आधी मोडला. कन्हेरीत एकाच्या बांधावर बसून ऊस सोलत होते. साठी उलटली तरी उसाला कोयता लावणार नाहीत, दातानंच सोलणार! तात्या म्हणजे माझे वडील, बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात, आणि पुढचा दात गेला की क्लॅरिनेट तोंडात धरताच येत नाही. फुंकायला गेले तर हिरडीतून रक्त आणि बाजूनं नुसती हवा. बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, पंधरा दिवस फुंकायचं नाही.

इकडं बावडा गावातल्या एका लग्नाची सुपारी घेतलेली. नवरदेवाच्या आजोबांनी, म्हणजे आबांनी, डीजे आणायला निघालेल्या पोरांना गप्प बसवलं होतं. नवरदेवाला वाजतगाजत मारुतीला नेतात तो परण्या. लेकाच्या परण्याला हेच मास्तर, म्हणजे तात्या, होते, नातवाच्या परण्यालाही तेच पाहिजेत, असा त्यांचा हट्ट.

मी म्हटलं, आबांना फोन करून खरं ते सांगून टाकू. तात्या भडकलेच.

"एकदा मास्तर टेम्पोत चढला की पुन्हा कुणी खाली उतरवत न्हाय," म्हणाले, आणि त्या दिवशी जेवले नाहीत. बँडमास्तर रस्त्यावर चालत वाजवतो; वाजवणं जमेना झालं की त्याला बँडच्या टेम्पोत बसवतात.

मग मी अक्कल पाजळली. बँडच्या टेम्पोत बसून कीबोर्ड वाजवायचं काम माझं. कीबोर्डात क्लॅरिनेटचा आवाज असतो. तो मी वाजवायचा आणि तात्यांनी रस्त्यावर चालत क्लॅरिनेट नुसतं ओठांना टेकवून बोटं हलवायची. एवढं ऐकल्यावर ते, लग्नाच्या दिवशी टेम्पोनं निघून इंदापूर मागं पडेपर्यंत, माझ्याशी बोलले नाहीत. माझ्या कीबोर्डला ते डबडं म्हणतात, मलाही राग यायचा तो येतोच. बावड्याची घरं दिसायला लागली तेव्हा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "वाजव. पर बेतानं."

अकराच्या उन्हात परण्या निघाला. आमचा टेम्पो पुढं, त्यात मी मागं तोंड करून बसलेली. समोर रस्त्यावर तात्या, त्यांच्यामागं ढोलताशे, मग नवरदेवाचा घोडा. पहिलं गाणं मी तात्यांच्या बोटांवरची नजर न हलवता वाजवलं. कुणाला काही कळलं नाही. आबा तर घोडा सोडून पुढं आले आणि तात्यांच्या शेजारून मान डोलवत चालायला लागले.

चौकात लोक नाचायला लागले आणि मला मेलीला चेव आला. लांबच्या लांब तान घेतली. माझ्या बोटांना कुठला श्वास लागतोय? क्लॅरिनेटवाल्याला मात्र ओळीओळीला श्वास घ्यावा लागतो. तात्यांच्या मांडीवर बसून पहिला सूर शिकलेली मी, आणि ऐन वेळी हेच विसरले. तात्या माझ्या थांबण्याची वाट बघत होते. त्यांचे डोळे मोठे झालेले मला दिसले, तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. शेवटी चाळीस वर्षांच्या सवयीनं त्यांचं तोंड आपोआप सुटलं, त्यांनी श्वास घेतला, आणि सूर तसाच चालू राहिला.

मी बोटं उचलली, पण उशीर झाला होता. आबा तिथंच दोन हातांच्या अंतरावर उभे होते. त्यांनी क्लॅरिनेटकडं बघितलं, टेम्पोवरच्या कर्ण्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. ढोल चालूच होते, नाचणाऱ्यांना पत्ता नव्हता. तात्यांनी वरचा ओठ उचलून मोडका दात दाखवला. त्या वेळी मला धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

आबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"मास्तर, ऊन लई हाय. तुमी टेम्पोत बसा. पोरगी वाजवतीया की झ्याक."

किती मायेनं म्हणाले! आणि मला त्यांचा असा संताप आला की काय सांगू. चारचौघांत शिव्या घातल्या असत्या तर तात्या भांडले तरी असते. मायेपुढं काय बोलणार?

तात्या वर चढले आणि माझ्या शेजारी खोक्यावर बसले. मी म्हटलं, तात्या, माझं चुकलं. ते म्हणाले, "वाजव. नवरदेव खोळंबलाय."

मी वाजवायला लागले. तात्यांनी क्लॅरिनेट मांडीवर घेतलं, त्याचे पाची तुकडे सुटे केले, कोरडेच होते तरी एकेकातून फडकं फिरवलं आणि पेटीत ठेवून पेटी लावली. मारुतीचं देऊळ अजून लांब होतं.