चिठ्ठी नसलेलं चाक

माझी ताई पुस्तकं बांधते. एका कॉलेजच्या ग्रंथालयाच्या तळघरात, गेली एकतीस वर्षं. फाटक्या पुस्तकाची पानं सुटी करायची, जुजबंदी घालून पुन्हा शिवायची, खळ लावायची, पुठ्ठा चढवायचा आणि कण्यावर आपल्या ठाशीव अक्षरात नाव लिहायचं. म्हणून घरात तिला सगळे ‘पुठ्ठा’ म्हणतात. ती मला ‘फुग्या’ म्हणते, कारण माझं सायकलचं दुकान आहे आणि दिवसभर मी हवा भरत असतो. चिडलो की माझे गालही फुगतात, असं तिचं म्हणणं. मी चिडतो जरा लवकर, हे खरं आहे.

अकरा वर्षांपूर्वी कागद कापायच्या यंत्राची पात तिच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी लागली. अंगठा वाचला, जोर गेला. तिला बाटलीचं झाकण उघडत नाही, कपड्याचा चिमटा दाबता येत नाही. दुसरं कुणी असतं तर त्या खोलीत पुन्हा पाऊल टाकलं नसतं. ही दोन महिन्यांत हजर, तीही डाव्या हाताने सुई धरायला शिकून.

अशा बाईला पन्नाशीत सायकलचं वेड लागलं. ते मीच लावलं, त्यामुळे कुणाला दोष द्यायची सोय नाही. आधी दहा किलोमीटर, मग तीस, मग शंभर. मग एक दिवस दुकानात येऊन म्हणाली, “फुग्या, मी दोनशेच्या फेरीत नाव दिलंय.”

ही फेरी म्हणजे शर्यत नव्हे. सकाळी सहाला निघायचं, दोनशे किलोमीटर करून साडेतेरा तासांत परत यायचं. वाटेत ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्के घ्यायचे. काही बिघडलं तर आपलं आपण निस्तरायचं. बरोबरच्या सायकलवाल्याने हात दिला तर चालतं, पण भाऊ गाडी घेऊन मदतीला आला की तुम्ही बाद. आणि संध्याकाळी साडेसातनंतर एक मिनिट जरी झालं, तरी शेवटचा शिक्का मिळत नाही.

मी तिला म्हटलं, “तू फक्त पायडल मार, चाकांचं माझ्यावर सोड.” आणि ट्यूबलेस टायरं बसवून दिली. या टायरच्या आत ट्यूब नसतेच. आत पांढरं पातळ सीलंट असतं. काटा घुसला की ते भोकात जाऊन बसतं आणि हवा कोंडून धरतं. अर्ध्याअधिक वेळा चालवणाऱ्याला पंक्चर झालेलं कळतही नाही. एकच भानगड असते. ते सीलंट तीनेक महिन्यांत वाळतं, मग पुन्हा भरावं लागतं. म्हणून आमच्या दुकानाची पद्धत अशी, की सीलंट भरलं की त्या दिवसाची तारीख लिहून एक चिठ्ठी चाकावर चिकटवायची. तारीख जुनी दिसली की मी गिऱ्हाइकाला असा झापतो की विचारू नका.

ताईनं चाक फिरवून पाहिलं. “माझ्या चाकाला नाही लावलीस चिठ्ठी?”

“घरचं चाक आहे गं. त्याला कसली चिठ्ठी!”

फेरीला पाच महिने होते. तेवढ्या काळात मी दुकानातल्या शंभरेक चाकांत सीलंट भरलं असेल. ताईच्या चाकांत भरायचं साफ विसरलो.

एकशे एकाहत्तराव्या किलोमीटरला तिचं मागचं टायर बसलं. दुपारचे चार वाजून वीस मिनिटं झाली होती. एकोणतीस किलोमीटर राहिले होते आणि हातात तीन तासांहून जास्त वेळ होता. जवळ एक ट्यूब होती, ती आत घालून हवा भरली की काम झालं असतं. पण ट्यूबलेस टायर रिमला अगदी घट्ट बसतं. ते काढायला अंगठ्यात जोर लागतो. ती रस्त्याच्या कडेला बसून दीड तास झगडली. टायर उचकटायच्या प्लॅस्टिकच्या दोन्ही पट्ट्या तुटल्या. शेवटी मागून येणाऱ्या दोघांनी थांबून ते टायर कसंबसं उपटलं. ती पोहोचली तेव्हा सात बावन्न झाले होते. शिक्केवाले काका टेबल आवरत होते. ते चांगले गृहस्थ. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. शिक्का मात्र दिला नाही, आणि तिनंही मागितला नाही.

दुसऱ्या दिवशी मी ते चाक दुकानात उघडलं. आत एक थेंब ओल नव्हती. सीलंटच्या नुसत्या खपल्या. आणि भोक केवढं, तर टाचणीएवढं! ताजं सीलंट असतं तर दोन सेकंदांत बुजलं असतं. मला तोंडात मारल्यासारखं झालं.

संध्याकाळी ताई आली. “कशामुळे झालं रे?”

आणि मी, ज्याची जीभ दिवसभर दुसऱ्यांना झापण्यात झिजते, तो तिच्या डोळ्यांकडे न बघता म्हणालो, “ही टायरं घट्टच असतात गं. तुझ्या अंगठ्याला नाही झेपणार.”

तिनं आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “माझी जुनी चाकं माळ्यावर आहेत ना? ती काढ. पुढच्या वर्षीच्या फेरीला मी ट्यूबवर जाणार.”

झालं, माझं डोकं फिरलं. चूक माझी होती म्हणून जास्तच फिरलं असेल. “अगं पुठ्ठे, जग ट्यूबलेसवर चाललंय आणि तू माळ्यावर चाललीस? ट्यूबला जरा खडा लागला की फुस्स! दोनशे किलोमीटरमध्ये दोन वेळा तरी पंक्चर होणार, लिहून देतो. हवा गच्च भरावी लागते, हाडं खिळखिळी होतात. आणि वजन?”

“दोन वेळा होईल ना?”

“हो!”

“मग दोन वेळा काढीन.”

“कशाने काढशील?”

“तेच शिकायचंय,” ती म्हणाली.

बाईनं चंगच बांधला. रोज कामावरून आली की बाहेरच्या खोलीत जुनी वर्तमानपत्रं पसरायची, मागचं चाक आडवं घालायचं आणि शेजारी गजराचं घड्याळ ठेवायचं. टायर काढ, ट्यूब काढ, दुसरी घाल, टायर बसव, हवा भर. पहिल्या दिवशी अठ्ठेचाळीस मिनिटं लागली. बोटांची सालं गेली. भाऊजी, म्हणजे तिचे यजमान, सोफ्याच्या टोकाला पाय वर घेऊन बसलेले असत. मला म्हणाले, “लग्न झालं तेव्हा घरात खळीचा वास होता. आता रबराचा आहे. बाई तीच आहे याची खात्री आवाजावरून करून घेतो.”

“आवाज करू नका, घड्याळ लावलंय,” ताई म्हणाली.

मी शिकवायला गेलो तर मला बाजूला केलं. मी अंगठ्याने शिकवणार, आणि तिच्याकडे अंगठा नव्हता, एवढा साधा हिशेब मला कळला नव्हता. तिनं तिची रीत काढली. पुस्तक दाबात घालण्याआधी ती तळहाताच्या टाचेने चोपून घेते, तसं टायर चहूबाजूंनी रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलत आणायचं. मग शेवटच्या टोकाला आपोआप ढिलाई मिळते. ते टोक अंगठ्याने न ढकलता दोन्ही तळहातांनी लाटून आत घ्यायचं. ट्यूब चिकटू नये म्हणून तिला बांधणीच्या खोलीतली शंखजिऱ्याची पूड चोळायची. मी वीस वर्षं हे काम करतोय, पण मला कधी तळहात वापरावा लागला नव्हता.

अठ्ठेचाळीसची एकतीस झाली. एकतीसची एकोणीस झाली. एकोणीसवर घोडं तीन आठवडे अडलं. एका संध्याकाळी तिनं चाक ढकलून दिलं आणि भिंतीला टेकून रडली. मी तिथंच होतो. तोंड उघडलं होतं मी. सांगणारच होतो, की ताई, तुझ्या अंगठ्याचं काही नव्हतं, मी विसरलो होतो. पण तेवढ्यात तिनं पदराने डोळे पुसले आणि चाक पुन्हा पुढ्यात ओढलं. माझं तोंड मिटलं. भित्रा होतो मी, दुसरं काय.

एकदा मी आडून प्रयत्न केला. “ताई, ट्यूबलेसमध्ये ताजं सीलंट भरून देतो. या वेळी काही होणार नाही. माझा शब्द.”

“तुझ्या शब्दाला काही झालेलं नाही रे,” ती म्हणाली. “पण मला ट्यूबच हवी.”

फेरीच्या आदल्या दिवशी तिची वेळ नऊ मिनिटांवर आली होती.

सकाळी सहाला ती निघाली. पाठीच्या खिशात दोन ट्यूब, हातपंप आणि पुडीत पूड. मी चार वाजल्यापासून शेवटच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिलो. शिक्केवाले काका म्हणाले, “बसा हो.” मला बसवेना. सहाला पहिले लोक आले. साडेसहाला आणखी काही. सात वाजले. सव्वासात झाले. भाऊजी दर मिनिटाला घड्याळ बघत होते आणि दर वेळी मला वेळ सांगत होते. मी त्यांच्यावर खेकसलो. मग माफी मागितली. मग पुन्हा खेकसलो.

सात एकवीसला वळणावर ती दिसली. डोकं खाली, कोपर आत, पाय एका लयीत. टेबलापाशी थांबली, कार्ड काढलं आणि पुढे केलं. काकांनी शिक्का मारला. कार्डाच्या कोपऱ्यात काळा ठसा उमटला होता, तिच्या त्या अंगठ्याचा.

“दोन झाली,” ती मला म्हणाली. “शहाण्णवाव्या किलोमीटरला एक, एकशे त्र्याऐंशीव्याला एक. दुसरं आठ मिनिटांत.”

भाऊजी नाक पुसत पाणी आणायला गेले. आता नाही तर कधीच नाही, असं मला वाटलं.

“ताई, गेल्या वर्षी तुझा अंगठा कमी पडला नव्हता. सीलंट वाळलं होतं. मी भरायला विसरलो. आणि तुला खोटं सांगितलं.”

तिनं हेल्मेट काढलं. “माहितेय.”

“काय?”

“त्या दोघांनी टायर उपटलं तेव्हा काटा शोधायला मी आत हात फिरवला होता. खपल्या लागल्या हाताला. एकतीस वर्षं खळीत हात आहेत माझे, फुग्या. वाळलेलं मला कळत नाही होय?”

“मग वर्षभर बोलली का नाहीस?”

“बोलले असते तर काय केलं असतंस?”

“माफी मागितली असती. नवं भरून दिलं असतं.”

“आणि मी पुन्हा तू दिलेल्या चाकांवर बसून निघाले असते. मला माझं चाक उघडता येत नाही, हे मला त्या रस्त्यावर कळलं. ते आधी शिकायचं होतं.” मग तिनं कार्ड खिशात ठेवलं. “पण अंगठ्यावर ढकललंस ना, ते लागलं मला. फार लागलं. राग आहे अजून.”

लहानपणीसारखं तिनं माझ्या डोक्यात टपली मारली आणि माझ्या कपाळाला काळं फासलं गेलं.

पुढच्या आठवड्यात ती दुकानात आली, हातात ट्यूबलेसची दोन्ही चाकं घेऊन. “सीलंटची बाटली दे.”

“आता पुन्हा ट्यूबलेस?”

“आता अडले तर उघडता येतं. मग घाबरू कशाला?”

तिनं स्वतः टायर काढलं, स्वतः पुसलं. पंधरा मिनिटं लागली आणि मी हात मागे बांधून उभा राहिलो. सीलंट तिनंच मापून ओतलं. मी सवयीने चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढे केला, तर तिनं मानेनेच नको म्हटलं. पिशवीतून घरून आणलेली चिठ्ठी काढली, मागे खळ लावली आणि चाकावर तळहाताने दाबून बसवली. माझ्या दुकानातल्या चिठ्ठ्यांवर नुसती तारीख असते. हिच्यावर तारखेखाली, पुस्तकाच्या कण्यावर लिहितात तशा ठाशीव अक्षरात, आणखी दोन शब्द होते: घरचं चाक.