पाणी सोडणाऱ्या काकांचं इंटरनेट

पनवेलमध्ये इंटरनेट कुणी आणलं ते मला ठाऊक नाही. पण त्याला नळाची शिस्त कुणी लावली, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. आमच्या तळमजल्यावरच्या काकांनी. काका मूळचे आपट्याचे, आणि सगळी नोकरी नगरपालिकेत पाणी सोडण्यात गेलेली. लांबलचक चावी सायकलला बांधून निघायचे. या आळीचं पाणी बंद, त्या आळीचं चालू. निवृत्त होताना चावी परत केली खरी, पण हाताची सवय काही गेली नाही.

त्या काळी ब्रॉडबँडचं भाडं एकट्यादुकट्याच्या खिशाला झेपणारं नव्हतं. आम्ही चार बिऱ्हाडांनी मिळून एकच कनेक्शन घ्यायचं ठरवलं. पण मोडेमचा डबा ठेवायचा कुणाकडे? प्रत्येकाला दुसऱ्याचा संशय. शेवटी काकांवर एकमत झालं, कारण त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांना इंटरनेट हवं होतं ते एकाच कामासाठी. मुलगा मस्कतला होता, आणि तिथंच जन्मलेल्या तीन वर्षांच्या नातीला त्यांनी अजून मांडीवर घेतलं नव्हतं. मुलाने मागे ठेवलेल्या कॉम्प्युटरवर ती निदान दिसली असती.

काकांनी पहिल्याच दिवशी पाळ्या लावल्या. बाकीच्या तीन घरांच्या वायरी त्यांच्या खिडकीतून आत आल्या, आणि ज्याची पाळी त्याचीच वायर डब्यात जाऊ लागली. भारनियमनात कुणाची पाळी बुडाली तर दुसऱ्या दिवशी भरून मिळे. झोपताना डबा बंद करून त्यावर पंचा टाकत. आणि पाळी सुरू होण्याआधी डबा थोडा वेळ नुसताच लुकलुकत ठेवत. मी कारण विचारलं, तर म्हणाले, "पयला पानी गढूळ येतो. जाऊ द्यायचा थोडा." वरच्या मजल्यावरचे बँकेतले साहेब एकदा दहा मिनिटं जास्त मागायला आले. "साहेब, पुढच्या आळीला पानी नाय पोचला तर शिव्या कोन खानार?" असं म्हणून काकांनी त्यांच्यासमोरच त्यांची वायर उपसली.

नातीची पाळी रविवारी संध्याकाळी, आणि तिच्यामागून माझी. काकू ठेवणीतली साडी नेसून पडद्यासमोर बसायच्या. एका रविवारी नात शाळेतलं गाणं म्हणत होती. अर्ध्यावर आली, काकांनी घड्याळ पाहिलं आणि वायर काढली! काकूंनी दोन दिवस अबोला धरला. मी म्हटलं, "काका, मला काही काम नव्हतं हो." तर उसळले, "तुमचा पानी तुमी गटारात सोडा. मी दुसऱ्याचा चोरनार नाय."

मग मीही शक्कल लढवली. पुढच्या रविवारी माझा कॉम्प्युटर बिघडला, आणि तो पुढे कित्येक महिने दुरुस्तच झाला नाही. माझी पाळी मी काकांच्या घरी बसून त्यांच्या कॉम्प्युटरवर वापरू लागलो, आणि माझ्या पाळीत मला त्यांच्या नातीचं गाणं ऐकायची हौस होती. यात काकांना नियमभंग सापडला नाही. ते मान वळवून डोळे पुसायचे. काकूंच्या हातच्या तांदळाच्या भाकरीवर माझं वजन मात्र चांगलंच वाढलं.

पुढे मोबाइलवर इंटरनेट स्वस्त झालं आणि जो तो आपापला नळ घेऊन बसला. खिडकीतल्या वायरींवर काकू आता फडकी वाळत घालतात. परवा गेलो तेव्हा काका मुलाने पाठवलेल्या फोनवर नातीशी बोलत होते. आता ती चांगली काकूंएवढी उंच झाली आहे.

"जेवलीस का?"

"हो."

"अभ्यास?"

"चाललाय."

मग पडद्यावर तिची नजर बाजूला वळली. तिचं लक्ष दुसरीकडेच होतं. मलाच अवघडल्यासारखं झालं. उठत म्हटलं, "काका, कामात असेल ती. ठेवा आता."

काकांनी फोनवर तळवा धरला आणि हळूच म्हणाले, "बसा हो. पयला गढूळच येतो. जाऊ द्यायचा थोडा."

मी बसलो. काकांनी तळवा काढला आणि फोन पुन्हा तोंडासमोर धरला. मनगटावर जुनं घड्याळ होतं. पण त्याच्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.