नव्वद सेंटिमीटरची वाट

माझं काम नेमकं काय, हे मी आईला आजवर समजावू शकलेले नाही. "म्हणजे तू सामान लावतेस," असं ती म्हणते, आणि खरं सांगायचं तर ते बरोबरच आहे. फक्त सामान एसटीच्या लांबीचं असतं आणि खोली जमिनीखाली शंभर मीटर. परदेशात एका ठिकाणी बोगदा खणून त्यात कणांना वेग देणारं प्रचंड यंत्र उभं राहत होतं. एकामागून एक लोहचुंबक, नजर पोचत नाही तिथपर्यंत. ते विहिरीसारख्या खोल खड्ड्यातून खाली कसे सोडायचे, आधी कुठला, मग कुठला, त्यांना जोडणारे पाइप केव्हा, केबल केव्हा, हे आधी कागदावर ठरवावं लागतं. चुंबक एकदा जागेवर बसला की त्याच्यापलीकडे मोठं काही नेता येत नाही. क्रम चुकला तर लावलेलं सगळं उचकटा. त्या बोगद्याच्या एका तुकड्याचं नियोजन आमच्या अंबडच्या ऑफिसकडे आलं होतं आणि ते माझ्या गळ्यात पडलं.

मला माझ्या कामाचा फार गर्व होता. तो लपवायची तसदीही मी घेत नसे.

आमच्या वर्कशॉपमध्ये एक जुने फिटर होते. सगळे त्यांना मामा म्हणायचे, मीही. मूळचे विंचूरकडचे, तीस-एक वर्षं अंबडमध्ये काढलेली, त्यातली निम्मी ग्राइंडिंगच्या धुळीत. बोगद्यात प्रत्यक्ष जोडणी करायला आमची सहा जणांची तुकडी जाणार होती आणि तिचे मुकादम मामा असणार, हे न बोलता ठरलेलं होतं. म्हणून नकाशे त्यांना दाखवायची पद्धत होती. मी दाखवायचे, पण मनातून मला ती टाळण्याजोगी गोष्ट वाटायची.

एकदा तिकडून एक बदल आला. थंड करणारे पाइप भिंतीकडून आत सरकवायचे होते. त्यामुळे चुंबकांच्या शेजारून माणसांनी चालायची जी वाट होती, ती नव्वद सेंटिमीटरवरून साठवर येत होती. मी स्क्रीनवर माणसाची आकृती उभी करून त्या वाटेने चालवून पाहिली. माणूस आरामात गेला. मी होकार कळवायच्या बेतात होते.

मामांनी कागद बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "हा मानूस जाईल मॅडम. पन ह्याला उचलून न्यायचं झालं तर?"

"कशाला उचलायचंय?"

"आमच्याकडं कांद्याची चाळ भरताना मधी वाट सोडत्यात. लय जन सोडत नाय, तेवढाच कांदा जास्त मावतो. मग एखादा कांदा सडला की नाकाला कळतं, पन हात पोचत नाय. सगळी चाळ जाते."

"मामा, हा कांदा नाहीये," मी म्हणाले. आवाज चढला होता माझा. तीन-चार जण वळून बघायला लागले.

मामा चिडले नाहीत. नाकावरचा चष्मा सारखा करत म्हणाले, "आमची चाळ आत्ता रिकामीच हाय. उन्हाळी कांदा निघंपर्यंत कुनी फिरकत नाय तिकडं. लाकडाचे खोके करून लावून बघू. चुकलो तर चुकलो म्हनंन."

त्यांना खोटं पाडायचंच, एवढ्या एका हेतूने मी साहेबांकडून परवानगी काढली.

चाळ, म्हणजे कांदा साठवायची लांबट शेड, त्यांच्या भावाची होती, विंचूरच्या अलीकडे, रस्त्यापासून जरा आत. दोन्ही बाजूंना पट्ट्यापट्ट्यांचे कप्पे आणि मधून जायला जागा. योगायोग असा की रुंदी जवळजवळ आमच्या बोगद्याइतकीच भरली. सुताराने प्लायवुडचे खोके केले, आम्ही जमिनीवर फक्कीने रेघा मारल्या, पाइपांच्या जागी बांबू बांधले. मग वाट साठची ठेवून दोघांनी तिसऱ्याला स्ट्रेचरवर घेतलं आणि चालायला लागले. दहा पावलांत अडकले. पुढच्याची कोपरं खोक्यांना घासली, मागच्याला पुढचं दिसेना, आणि स्ट्रेचरवरचा पोरगा हसत हसत म्हणाला की मला इथंच सोडा, तुम्ही जा.

हसले सगळेच. मी नाही हसले. त्या बोगद्यात चुंबक थंड ठेवायला हेलियम असतो. तो गळून पसरला तर हवेतला प्राणवायू मागे हटतो. प्रत्येकाच्या कमरेला श्वासाचा मुखवटा असतो, पण त्यातली हवा मोजकी. तेवढ्या वेळात पुढच्या सुरक्षित दारापर्यंत पोचायचं. हे सगळं मला माहीत होतं. मीच तर त्याची टिपणं लिहिली होती. पण स्क्रीनवरचा माझा माणूस कधी बेशुद्ध पडला नव्हता.

मी दोन आठवडे पत्रव्यवहार करून, भांडून, फोटो पाठवून ती वाट परत नव्वदची करून घेतली. पाइप वर छताकडे गेले. तिकडच्या बैठकीत माझं कौतुक झालं आणि मी ते मुकाट्याने घेतलं. मामांचं नाव मी काढलं नाही. ते आजही मला लागतं.

नव्वदमध्ये स्ट्रेचर निघतं, पण दोन माणसं शेजारून जाऊ शकत नाहीत. म्हणून मी नियम लिहिला: वाट एका माणसाची असल्यामुळे कोणालाही पुढच्याला ओलांडता येणार नाही, तेव्हा आत जाणाऱ्या प्रत्येकाने मुखवटा लावून ठरलेलं अंतर बारा मिनिटांत चाललं पाहिजे. वाक्य मला तेव्हा फार नेटकं वाटलं होतं.

परदेशी जायच्या महिनाभर आधी ही चाचणी त्याच चाळीत घ्यायचं ठरलं. मामांचा पासपोर्ट आला होता, आयुष्यातला पहिला. तो ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरच्या खिशात ठेवायचे आणि कुणी विचारलं नाही तरी दाखवायचे. मामींनी त्यांच्यासाठी लोकरीची बंडी विणायला घेतली होती. बोगद्यात थंडी नसते, असं मी सांगूनही.

त्यांचा श्वास पुरत नाही, हे मला माहीत नव्हतं असं नाही. ऑफिसच्या जिन्यात ते मध्येच थांबून खिशात चष्मा शोधायचे. चष्मा डोळ्यांवरच असायचा. आम्ही सगळे ते बघून न बघितल्यासारखं करायचो.

त्या शनिवारी सकाळी एकेक जण चाळीत फेऱ्या मारत होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत, परत, पुन्हा, अठ्ठावीस वेळा, म्हणजे बोगद्यातलं ठरलेलं अंतर भरायचं. घड्याळ आणि तक्ता माझ्या हातात. पोरं नऊ-दहा मिनिटांत संपवून, घामाघूम होऊन, मुखवटा काढून शिव्या घालत विहिरीकडे हातपाय धुवायला जायची. मामा सगळ्यात शेवटी राहिले. तोवर बाकीचे जेवायला बसले होते. चाळीत आम्ही दोघंच.

सुरुवात त्यांनी छान केली. दहाव्या फेरीला पाय जड झाले. सोळाव्याला त्यांनी एका खोक्यावर हात टेकला. मुखवट्यातून आत-बाहेर होणाऱ्या श्वासाचा आवाज मला चाळीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येत होता. विसाव्याला ते थांबलेच. मी "बस करा मामा" म्हणाले तर त्यांनी हात वर करून मला गप्प केलं आणि पुन्हा चालू लागले. अठ्ठावीस पुऱ्या केल्या त्यांनी. मुखवटा काढला तेव्हा ओठ निळसर दिसत होते. खाली बसून त्यांनी माझ्याकडे बघितलं. 

सोळा मिनिटं, वर काही सेकंद.

मी तक्त्यात अकरा चाळीस लिहिलं.

"झालं?" मामांनी विचारलं.

"झालं. बसलात तुम्ही बारामध्ये," मी म्हणाले आणि तक्ता बॅगेत घातला. इतक्या वर्षांत मी मोजमापात कधी अर्ध्या मिलिमीटरची सूट दिली नव्हती कुणाला. पोरं मला पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक होतं. पण त्या माणसाच्या खिशात ती प्लास्टिकची पिशवी होती, आणि मी त्यांचं काही देणं लागते असं मला वाटत होतं. म्हटलं, एवढं तर करू. गॅस काय रोज गळतो का?

 निफाड येईपर्यंत गाडीत मामा डोळे मिटून होते. त्यांना झोप लागली असेल असं मी धरून चालले.

सोमवारी सकाळी ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. म्हणाले, "तो तक्ता दाखवा मॅडम."

मी दाखवला. त्यांनी आपल्या नावासमोर बोट ठेवलं.

"माझ्या घड्याळात सोळा झाली होती."

"तुमचं घड्याळ जुनं आहे."

"घड्याळ बरोबर हाय." ते खुर्चीवर बसले. आधी न विचारता ते कधी बसत नसत. "माझ्या मागं पाच जन असनार. त्यास्नी मला ओलांडून जाता येनार नाय. वाट आपनच तेवढी ठेवलीया."

"मामा, असं होणारच आहे असं कुठंय?"

"मग नव्वदसाठी भांडलात कशाला?"

 मला त्यांचा राग आला. मी त्यांच्यासाठी एवढं केलं आणि हे मलाच कात्रीत धरतात. मग लक्षात आलं की राग त्यांचा नाही. डोळे भरून आले, म्हणून मी ड्रॉवर उघडून उगीच काहीतरी शोधत बसले.

त्यांनी टेबलावरचं पेन माझ्यासमोर सरकवलं. "खोडून शेजारी सही करा. व्हाइटनर नको."

मी खोडलं. सोळा लिहिलं. सही केली. ते तक्ता डोळ्यांजवळ नेऊन सही नीट झाली आहे का ते बघून उठले आणि खाली वर्कशॉपमध्ये गेले. जिन्यात ते थांबले असतील. मी बघायला गेले नाही.

त्यांच्या जागी दुसरा माणूस गेला. मामांनी त्याला तीन आठवडे कामाची तालीम दिली, अगदी कुठला बोल्ट हाताला कसा लागतो इथपर्यंत. मीही शेवटच्या टप्प्यात तिकडे गेले. आमच्या तुकड्यातला शेवटचा चुंबक बसला त्या दिवशी तिथले लोक टाळ्या वाजवत होते आणि मी सगळ्यांचे हात हातात घेत होते. मग दुसऱ्या दिवशी सराव झाला. भोंगा वाजला, मुखवटे चढले, आणि आम्ही एका रांगेत चालायला लागलो. मी सर्वांत मागे राहायचं मागून घेतलं होतं. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला मीच आखलेल्या जागी बसलेले ते निळे चुंबक, आणि समोर एकाची पाठ. ती पाठ थांबली तर मला काहीही करता आलं नसतं. बोगद्यात मला पहिल्यांदा भीती वाटली ती तेव्हा.

कुणी थांबलं नाही. सगळे वेळेत दारापाशी पोचलो.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी मी विंचूरला गेले. मामांनी मधल्या काळात काम सोडलं होतं आणि ते भावाकडेच राहत होते. चाळीबाहेर लिंबाच्या सावलीत खुर्ची टाकून बसले होते. शेजारी प्राणवायूचं यंत्र घुरघुरत होतं, नाकाला नळी, आणि अंगात, त्या उन्हाळ्यात, मामींनी विणलेली बंडी. चाळीत कांदा भरणं चालू होतं. बाया पाट्या डोक्यावर घेऊन आत-बाहेर करत होत्या. मामींनी चहा आणून दिला आणि त्या परत कामाला लागल्या.

मी त्यांना सगळं सांगितलं. चुंबक कसे उतरले, जोडणी कशी झाली, कुठला बोल्ट त्यांनी सांगितल्यासारखाच अडला. सरावाचंही सांगितलं. त्यांनी विचारलं, "किती मिनिटं लागली?"

"दहा मिनिटं. सगळे बाहेर."

ते मान हलवत राहिले. मग मी, किती दिवस पोटात धरलेलं होतं, ते बोलले. म्हटलं, "मामा, त्या दिवशी मी खोटं लिहिलं. मला माफ करा."

त्यांना बोलायला वेळ लागायचा आता. दोन-तीन श्वास घेऊन ते म्हणाले, "सोळा झाली हे मला चाळीतच कळलं होतं. तुम्ही बारामधी बसलात म्हनलात, तर मी गप बसलो. घरी आलो. हिला सांगितलं, बसलो म्हनून. हिनं लापशी केली. भाऊ आला, पुतने आले. सगळ्यास्नी मी बोगदा कसा असतो ते सांगत बसलो. अख्खा रविवार." थोडं थांबून ते म्हणाले, "एक दिवस का व्हईना मॅडम, मी जाऊन आलो. तुमच्यामुळं."

 चहा हातात तसाच राहिला.

तेवढ्यात ते चाळीकडे बघून अस्वस्थ झाले. यंदा कांदा भरपूर निघाला होता आणि कप्पे भरल्यावर बायांनी मधल्या वाटेत पाट्या ओतायला सुरुवात केली होती. मामांनी हात वर केला, ओरडायला तोंड उघडलं, पण आवाजाला पुरेल एवढा श्वास त्यांच्याजवळ नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी कप खाली ठेवला, उठले, आणि होता नव्हता तेवढा जीव लावून ओरडले, "मधली वाट सोडा!"