कालव्याच्या रस्त्यानं, काही काम नसताना

"पिशवी पालथी कर."

तात्या मोटरसायकलवरून उतरलेसुद्धा नव्हते. एक पाय जमिनीवर टेकलेला, गाडी चालूच. मी कालव्याच्या भरावावरून चालले होते. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला त्यांचा ऊस. बागायतदार माणूस. वडगाव निंबाळकरच्या या बाजूला सगळे त्यांना तात्या म्हणतात, म्हणून मीही म्हणते.

मी पिशवी पालथी केली. आधीच सांगून टाकते. एम. कॉम. झालेली, बारामतीच्या एमआयडीसीत हिशेबाच्या टेबलावर नोकरी केलेली मी. कुणीतरी पालथी कर म्हटलं आणि मी केली.

पाण्याची बाटली पडली. रुमाल पडला. गोळ्यांचं पाकीट पडलं. उसाचं वाढं नव्हतं, कांडकं नव्हतं, चोरीचं काहीच नव्हतं. तिथं थांबायला हवं होतं त्यांनी. पण पाकीट माझ्याकडून मागून घेतलं, उलटसुलट करून बघितलं.

"कशाच्या गं ह्या?"

माझ्या तोंडून खरं निघून गेलं. "मन लागत नाही. धडधड होते. त्याच्या."

ते हसले. रागावले असते तर परवडलं असतं.

"हे आमच्या घरातल्या बायकांचं दुखणं हाय. तुमच्यात कवापासनं आलं?"

मागून त्यांची सून चालत आली होती. पायात पांढरे बूट, कानात हेडफोन. ती रोज याच रस्त्यानं, याच वेळी फिरते. तिच्या हातात कधी काही नसतं आणि तिला कुणी काही विचारत नाही. तिनं हेडफोन काढले नाहीत. पाकिटाकडे मात्र जरा जास्तच वेळ बघत राहिली. का, ते तिचं तिला माहीत.

मी खाली बसून माझं सामान गोळा केलं. त्यांच्या पायाशी बसून.

पिशवी मुळात कशाला घेतली होती, ते सांगायला हवं. कंपनीत मला धडधडायला लागलं. हात गार पडायचे, साहेबानं नाव घेतलं की घशातून आवाज निघायचा नाही. नोकरी सोडून आईकडे आले. वडील गेलेले. आई दिवसभर रानात आणि मी भिंतीकडे तोंड करून पडलेली. अंघोळ नाही, वेणी नाही. वस्तीतल्या बायकांनी आधी चौकशी केली, मग करणी झाली म्हणाल्या, मग यायच्याच बंद झाल्या. फोन वाजला की मी उशीखाली सारायची. इतकं एकटं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

शेवटी बारामतीच्या सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि समुपदेशक मॅडमकडे पाठवलं. मॅडमनी शिकवलं ते ऐकून मला हसूच आलं. उठल्या उठल्या अंथरूण काढायचं. श्वास सावकाश घ्यायचा, त्याहून सावकाश सोडायचा. धडधडलं की समोर दिसेल त्याचं मनातल्या मनात नाव घ्यायचं. वाईट विचार आला की म्हणायचं, हा विचार आहे, खबर नव्हे. नको असेल तिथं नाही म्हणायचं आणि त्याचा घरी मोठ्यानं सराव करायचा. आणि रोज चालायचं.

बाकीचं जमलं. चालणं अवघड. आमच्याकडे बाई नुसती चालत नाही. ती दळणाला जाते, सरपणाला जाते, खुरपायला जाते. काही काम नसताना कालव्याकडे निघाली तर लोकांना वाटतं, जीव द्यायला निघाली. पहिल्याच दिवशी दोघींनी मला हटकलं. म्हणून मी पिशवी घेतली. हातात पिशवी दिसली की लोकांना वाटतं, काहीतरी काम असेल. शहाणपण केलं होतं मी. त्या शहाणपणानंच मला चोर ठरवलं.

घरी येऊन आईला सांगितलं. आई तात्यांच्याच रानात कामाला. तिनं भाकरी थापता थापता वर न बघता सांगितलं, "विळा नि पाटी घिऊन जात जा. मंग कोण बोलायचं न्हाय. आमी कवा मोकळ्या हातानं गेलो तिकडं?"

मी तिला म्हटलं, "आई, तू तात्या हो. मला सराव करायचाय."

तिला आधी हसू आलं. मग तिनं हात धुतले, कमरेवर ठेवले आणि म्हणाली, "ए, हिकडं ये. काय हाय पिशवीत? पालथी कर."

माझ्या अंगावर काटा आला. तो आईचा आवाज नव्हता. शब्द ओढायची तऱ्हा, मध्येच थांबणं, हनुवटी वर करणं, सगळं त्यांचं. आई कधी नाटकात नव्हती, कुणाची नक्कल तिला येत नाही. हे तिला पाठ होतं. जन्मभर ऐकून पाठ झालेलं. माझ्या धडधडीला कंपनीत सुरुवात झाली असं मी मॅडमना सांगितलं होतं. ते खरं नव्हतं. ती या घरात माझ्या आधीपासून होती.

"न्हाय दावणार," मी म्हटलं.

"आवाज बारीक येतोय," आई म्हणाली. पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा. मग एकदम चुलीकडे वळली. "माझं काम जाईल," एवढंच म्हणाली. जाऊ नको, असं म्हणाली नाही. जा, असंही नाही.

दुसऱ्या दिवशी मी गेले. तीच पिशवी, तेच पाकीट आत. तात्यांनी गाडी आडवी घातली.

"आज काय भरलंय? दाव."

हात गार पडले. मी नावं घ्यायला लागले. पाणी. बगळा. गाडीचा आरसा. तात्यांची चप्पल. श्वास सोडला.

"न्हाय दावणार."

"काय म्हणलीस?"

"पिशवी माझी हाय. रस्ता पाटबंधाऱ्याचा हाय. तुमची सून चालती तशी मी चालती."

आवाज कापत होता. कापत कापतच निघाला, पण पूर्ण निघाला. त्यांनी गाडी सरळ केली. मग म्हणाले, "तुझ्या आईला सांग, उद्यापासनं येऊ नको." गाडीला किक मारून गेले.

आई आता पहाटे टेंपोत बसून माळेगावच्या पुढे कुणाच्या तरी रानात जाते. मला एका शब्दानं बोलली नाही. नीट बोललीही नाही. आम्ही दोघी एका ताटलीएवढ्या घरात गप्प जेवतो. मी पुन्हा नोकरीला अर्ज केलेत, अजून कुणी बोलावलेलं नाही. तुझ्यामुळं झालं, असं मन रोज म्हणतं. मी म्हणते, हा विचार आहे. आईचं काम तोडणाऱ्या माणसाला नाव आहे आणि ते माझं नाव नाही.

वस्तीतलं कुणी माझ्याबरोबर चालायला येत नाही. धडधडही गेलेली नाही. तिला घेऊन चालते.

पिशवी मी खुंटीला लावून टाकलीय. ती घेतली तेव्हाच मी कबूल केलं होतं की माझ्या नुसत्या चालण्याला कुणाची तरी परवानगी लागते. ती लागत नाही. तात्यांना दुखण्याचा हक्क आहे, त्यांच्या सुनेला आहे, तेवढाच मला आहे. कुणी गाडी आडवी घालून विचारलं, काय काम काढलंस, तर माझं उत्तर तयार आहे आणि त्याचा मोठ्यानं सराव झालाय.

काही काम नाही. चालतेय. बाजूला व्हा.