उरलेला भात

आमच्याकडे, कोपरच्या घरी, स्वयंपाकाला बाई येते ना, ती गडचिरोलीकडची. आली की पदर खोचून पहिला प्रश्न, "आजी, आज जेवनारे किती?" तेवढ्यांपुरतंच रांधणार. "अगं, मूठभर जास्त टाक, कुणी आलं तर?" म्हटलं की म्हणते, "आलं तं मांडू ना पुन्हा." मला वाटायचं, काटकसरी आहे.

परवा भाचेमंडळींचं येणं ऐनवेळी रद्द झालं आणि बराच भात उरला. तेवढ्यात बेल वाजली. बिल्डिंगचा नवा वॉचमन, खाकी कपड्यातला. त्याच्याशी बोलून वळले, तर ही भाताचं पातेलं माझ्या पलंगाखाली सरकवत होती.

"अगं, हे काय?"

तिथंच बसून सांगितलं तिनं. "शेती होती आमची. रातच्याला जंगलवाले बंदुका घेऊन आले, रांध म्हनले. नाही कसं म्हनू? सकाळी पोलीस आले. उरलेला भात पाहून म्हनले, एवढा कोनासाठी? नवऱ्याला घेऊन गेले. तो सुटून आला, तं जंगलवाल्यांनी विचारलं, पोलिसांनी सोडलं कसं तुले? अन् बांधावरच मारला."

मी पातेलं बाहेर ओढलं, दोन ताटं घेतली. भूक दोघींनाही नव्हती. शेवटचं शीत संपेपर्यंत जेवत बसलो.