नव्या पडद्याचं गाऱ्हाणं

करी रोडचा जयवंत गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो आणि कोडिंगचं बटण दाबण्याआधी मालवणीत देवाला गाऱ्हाणं घालतो. हे आधी कुणी सांगितलं असतं, तर मी माहीमहून तिथवर गेलेच नसते. मला देवाचं वावडं नाही, पण मशीनचं काम मशीनसारखं व्हावं, अशा मताची मी बाई.

माझी अडचण साधी होती. वय एकसष्ट, मान वळत नाही, आणि मागे घेताना गाडी दोनदा खांबावर ठोकली. मुलगा, स्वप्नील, म्हणाला, विकून टाकू. येत्या रविवारी गाडी बघायला गिऱ्हाईक बोलावूनही मोकळा झाला. गाडी गेली की कुठे जायचं ते त्याच्या सवडीने, आणि तेच मला नको होतं. मागचं दाखवणारा कॅमेरा हवा, तर आधी नव्या मॉडेलचा पडदा हवा.

भंगारात निघालेल्या तशाच एका गाडीतून जयवंतने तो पैदा केला. कॅमेऱ्यासकट तासाभरात बसवला, बॅटरीला चार्जर लावला, लॅपटॉपची वायर स्टिअरिंगखाली खोचली आणि मला बजावलं, आता दाराला हात लावायचा नाही. कोडिंग म्हणजे गाडीला पटवायचं, की हा पडदा तुझाच. मग गडी हात जोडून उभा राहिला. त्याचा बाप गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता, तोही साचा चालू करण्याआधी हेच करायचा म्हणे. रवळनाथापासून कोपऱ्यावरच्या म्हसोबापर्यंत सगळ्यांना आवतण गेलं. प्रत्येक वाक्याला मी आणि सोबत आलेल्या स्वप्नीलने ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. मी नुसते ओठ हलवले.

सत्तर टक्क्यांवर काम अडलं. लॅपटॉपवर लाल अक्षरं आली, हा पडदा दुसऱ्या गाडीचा आहे. स्वप्नीलने सुस्कारा टाकला. झक मारली नि इथे आले, असं मी चांगलं ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले.

जयवंतने कपाळाला हात लावला. देवांची नावं घेण्याच्या नादात पडद्यातला जुन्या गाडीचा नंबर पुसायचाच राहिला होता. तीस देव आठवले आणि एक नंबर विसरला. दुसरा कुणी मुकाट्याने पुसून पुढे गेला असता. याने नंबर पुसला आणि पुन्हा हात जोडले.

“बा देवा म्हाराजा, ह्येच्या जुन्या घराचो निरोप घेवचो रवलो, ती चूक माझी. ती पदरात घे, आणि ह्येका ह्या घरात रुजू करून घे रे म्हाराजा.”

या वेळी सगळ्यांत मोठा ‘व्हय म्हाराजा’ माझा होता.

शंभर टक्के झाले. मी रिव्हर्स टाकला. पडद्यावर रस्ता आला, एक हातगाडी आली आणि स्वप्नील आला. सवयीने मागे जाऊन ‘येऊ दे, येऊ दे’ करत उभा होता. मी काच खाली केली.

“बाजूला हो रे. दिसतोयस तू मला.”

तो हलला. दोन टेम्पोंच्या मधे मी गाडी एका दमात घातली. स्वप्नीलने जवळ येऊन विचारलं, रविवारच्या माणसाला काय सांगू? मी म्हटलं, सांग, आई गाडी घेऊन बाहेर गेलीय.