कटिंग मास्तरांचा कॉम्प्युटर

कापड कितीही अपुरं असो, "यात बसत नाही" असं मास्तर म्हणाल्याचं कारखान्यात कुणाला आठवत नाही. तयार कपड्यांच्या त्या कारखान्यात त्यांची उमेदीची सगळी वर्षं कटिंगच्या टेबलापाशी उभं राहण्यात गेली. बाही आडवी फिरवायची, कॉलर कोपऱ्यात सरकवायची, आणि जिथं दुसऱ्याला एक शर्ट दिसायचा तिथून हे शर्टाबरोबर पोराची चड्डीही काढायचे. मालक म्हणायचा, मास्तरांच्या टेबलाखाली झाडू मारणाऱ्याला मी फुकटचा पगार देतोय.

मग डोळे गेले. सगळे नाही गेले, नेमके मधले गेले. ज्याच्याकडे बघावं तेवढंच पुसलं जायचं आणि कडेचं सगळं जागच्या जागी राहायचं. खडूची रेघ दिसेना, पण टेबलाच्या टोकाला ठेवलेला चहाचा कप दिसे. डॉक्टरांना ते म्हणाले, "म्हणजे आता माणूस बघायचा असेल तर त्याच्याकडे दुर्लक्ष करायला पाहिजे." डॉक्टर हसले. शेजारी बसलेली मास्तरांची मुलगी हसली नाही.

घरात बाप आणि मुलगी दोघंच. मुलगी सरकारी हॉस्पिटलात नर्स. संध्याकाळी ड्युटीवरून आली की हातपाय धुऊन, चहा घेऊन ती मास्तरांना पेपर वाचून दाखवायची. मग आलेली पत्रं, बिलं, औषधांचे कागद. तिच्या आवाजातून तिचे पाय किती दुखतायत ते कळायचं. अग्रलेख चार वाक्यांत संपायचा. मास्तरांना काय कळत नव्हतं? पण ज्यानं आयुष्यभर काटछाट केली त्यानं दुसऱ्याच्या कात्रीला काय नावं ठेवायची!

एका संध्याकाळी मंत्र्यांचं भाषण वाचता वाचता ती म्हणाली, "आणि पेशंटला उजव्या कुशीवर वळवा."

"कुणाला? मंत्र्यांना?" मास्तरांनी विचारलं.

दोघंही हसली. मग तिनं पेपर मांडीवर ठेवला आणि तशीच डोळे मिटून बसली. हसू ओसरल्यावर मास्तरांना फार वाईट वाटलं.

त्याच आठवड्यात तिला दूरच्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलातून विचारणा आली. वॉर्डची प्रमुख, राहायला खोली, रात्रपाळी नाही. ही तिसरी वेळ. आधीच्या दोन वेळा तिनं बापाला न सांगताच नकार कळवला होता.

"या वेळी काय कळवणार?" मास्तरांनी विचारलं.

"काय कळवणार, बाबा? तुमचं कोण बघणार?"

हे ती चिडून म्हणाली असती तर भांडता आलं असतं. ती दमून म्हणाली, म्हणून ते लागलं. उत्तर द्यायला महिनाअखेरपर्यंत मुदत होती.

डब्याचं शेजारच्या काकू बघणार होत्या. राहता राहिलं वाचणं. मास्तर एकटेच भिंतीला हात लावत डोळ्यांच्या दवाखान्याशेजारच्या दुकानात गेले. तिथल्या विक्रेत्यानं एकेक नग काढून टेबलावर मांडला. हे कागद वाचून दाखवणारं यंत्र. हा अक्षरं मोठी करणारा पडदा. हे गाणी आणि बातम्या ऐकवणारं. हे लांबच्या माणसाशी समोरासमोर बोलायला. किमती ऐकून मास्तरांनी बसायला खुर्ची मागितली.

"आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, असं ऐकलं होतं," ते म्हणाले. "तुम्ही तर चार देताय, आणि चारही विकत. पण काय हो, या सगळ्यांच्या पोटात शेवटी कॉम्प्युटरच ना?"

विक्रेता जरा घुटमळला. "तसं बघितलं तर, हो."

"मग एकाच कापडात बसेल," मास्तर म्हणाले आणि उठले.

त्यांच्या इमारतीखाली कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. मालक कुठल्याही गिऱ्हाइकाला "उद्या या" म्हणायचा, म्हणून सगळी गल्ली त्याला 'उद्या' याच नावानं ओळखायची. मास्तर त्याच्याकडे स्टूल ओढून बसले ते बसलेच. त्यांना टाळायचं म्हणजे दुकान बंद करावं लागलं असतं. शेवटी उद्यानं एका ऑफिसनं मोडीत काढलेला कॉम्प्युटर शोधून आणला, दुसऱ्या मेलेल्या मशीनची मेमरी त्याला बसवली, पडदा म्हणून मास्तरांच्या घरातलाच टीव्ही जोडला. स्कॅनर झाकण निखळलेला मिळाला. वाचणारा आवाज एका बाईचा, तो फुकटात मिळाला. कॅमेरा आणि स्पीकर तेवढे नवे घेतले.

सोपं काही झालं नाही. आज आवाज आला तर पडदा गेला, पडदा आला तर स्कॅनर रुसला. मास्तर जिने उतरायचे आणि चढायचे, उद्या कपाळाला हात लावायचा. मास्तरांनी वाचायच्या कळीवर शर्टाचं बटण चिकटवलं. कागद कुठे लावायचा ते कळावं म्हणून काचेच्या कोपऱ्यात कॉलरच्या आतलं ताठ कापड कापून बसवलं. मग कुठे यंत्र घडाघडा वाचू लागलं. कुणी गेल्याची बातमी आणि बटाट्याचा भाव बाई एकाच सुरात सांगायची, आणि जाहिरातीतला एक शब्द गाळायची नाही.

"बघा, ही दमत नाही," उद्या अभिमानानं म्हणाला.

"ऐकणारा दमतो त्याचं काय?" मास्तर म्हणाले. मुलीचा चार वाक्यांतला अग्रलेख किती बरा होता, हे त्यांना आता कळत होतं. पण ते काही बोलून दाखवण्यासारखं नव्हतं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी मुलीला सुट्टी होती. ती बाहेरच्या खोलीत आली, टीव्हीखाली मांडलेल्या त्या जोडकामाकडे बघत उभी राहिली.

"उद्याभाऊ शेजारी नसताना चालतं का हे?"

"चालतं."

"मग मी एक कागद देते. मी काही बोलणार नाही. तुम्ही वाचून दाखवा."

तिनं टपालातून आलेला कागद त्यांच्या हातात दिला आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली.

मास्तरांनी कागद कोपऱ्यात नीट बसवला, बटण दाबलं. दिवा सरकल्याचा आवाज झाला. बाई म्हणाली, "मजकूर सापडला नाही."

त्यांनी काच पुसली, कागद पुन्हा लावला, पुन्हा दाबलं. मजकूर सापडला नाही. त्यांच्या पाठीला घाम आला. उद्या शेजारी असताना तर एकदाही असं झालं नव्हतं. आणि मग त्यांच्या लक्षात आलं. तेव्हा कागद दरवेळी उद्या स्वतः हातात देत होता, छापलेली बाजू खाली करून. कापडाची सुलट बाजू कुठली आणि उलट कुठली, हे मास्तरांची बोटं झोपेतही सांगत. त्याच भरवशावर त्यांनी कागदही लावला होता. कागदाची दोन्ही अंगं सारखीच गुळगुळीत होती.

त्यांनी कागद उलटा केला. या वेळी बाईनं तोंड उघडलं, पण जे बोलली त्याला ना शेंडा ना बुडखा. छापील बाजू बरोबर होती, आता डोकं खाली आणि पाय वर झाले होते. मास्तर काचेकडे बघत होते, म्हणून दारातली मुलगी त्यांना कडेनं स्पष्ट दिसत होती. ती एक पाऊल पुढे आली. तिचा हात पुढे झाला. मग तिनं तो मागे घेतला आणि दोन्ही हात काखेत दाबून उभी राहिली. आयुष्यात कधी तिचा हात असा मागे गेलेला त्यांनी पाहिला नव्हता.

त्यांनी कागद अर्धा फिरवला. बटण दाबलं.

"पाणीपट्टीचे देयक," बाई म्हणाली, आणि मग थांबलीच नाही. मीटर क्रमांक, मागील थकबाकी निरंक, उशिरा भरल्यास दंड, भरणा केंद्राची वेळ. मुलीनं शेवटच्या ओळीपर्यंत ऐकून घेतलं.

"बरंच फिरवावं लागलं," ती म्हणाली.

"पुढच्या वेळी कमी फिरवेन."

"मी नसताना असं अडलं आणि चिडलात तर?"

"चिडेन की. तू असताना काय चिडत नाही?"

तिनं काखेतले हात मोकळे केले. "मग कळवते त्यांना. येते म्हणून."

एवढं एक वाक्य ऐकायला मास्तरांनी महिनाभर जिने झिजवले होते. आणि ते कानावर पडलं तेव्हा त्यांना म्हणावंसं वाटलं, अगं, अजून कच्चं आहे हे, आवाज मधेच जातो, आणखी एखादा महिना थांब. सगळं खरंही होतं. जिभेच्या टोकावर आलेलं ते त्यांनी गिळलं.

"कळव," ते म्हणाले.

ती आत फोन लावायला गेली. नंबर लागला, तिनं नमस्कार म्हटलेलं ऐकू आलं. मास्तरांनी चाचपत आवाज वाढवला, बटण दाबलं आणि पाणीपट्टीचं बिल पुन्हा पहिल्या ओळीपासून ऐकायला बसले, म्हणजे आतलं बोलणं कानावर येणार नाही.